यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही

सुरतेत दुचाकी चालवायला कायद्याने काय काय लागतं, हे नव्वदच्या दशकात आमच्या उधन्याच्या सोसायटीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि माझं लग्न नेमकं त्याच्याशी झालेलं होतं. बाकीच्यांचं पेट्रोलवर भागत असे. आमच्याकडे लायसन्स, आर.सी. बुक, विम्याचा कागद, टॅक्सची पावती आणि नव्यानेच निघालेलं धुराचं प्रमाणपत्र असे पाच कागद काळ्या रेक्झिनच्या पाकिटात जात, ते पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात जाई, आणि मगच स्कूटरला किक बसे. शर्टाला आतला खिसा नसतो. तो मी शिवून देत असे, प्रत्येक शर्टाला.

आमच्या ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट असायचं. तेव्हाच्या सुरतेत हेल्मेट घातलेला माणूस ही लहान मुलांना बोट दाखवून दाखवण्याची गोष्ट होती. एकदा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या कारागिरांनी ह्यांना अडवून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “काका, रॉकेट क्यां मूक्युं?” रॉकेट कुठे ठेवलंत. ह्यांनी हाताने डावीकडे वळण्याची खूण केली आणि डावीकडे वळले.

त्या खुणेबद्दलही सांगायला हवं. डावीकडे वळायचं असेल तर उजवा हात बाहेर काढून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा, असं पुस्तकात होतं. स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हातात असतो हे पुस्तक लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा त्यांच्याकडे मोटारी असाव्यात. त्यामुळे प्रत्येक डाव्या वळणाला आमची स्कूटर धापा टाकत मरणपंथाला लागे, हे वर हात फिरवत राहत, आणि मी मागे डबलसीट बसून मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या नजरेला नजर न देण्याचा प्रयत्न करत असे. वाटेत इतरांच्या चुका मोजणं चालूच असायचं. ह्याला आरसा नाही, त्याचा दिवा फुटलाय, हे तिघे एका गाडीवर, ह्याचा नंबर गुजरातीत. मी हूं म्हणायची. मराठी शाळेत शिकवत असल्यामुळे न ऐकता हूं म्हणण्याची मला सवय होती.

ह्यांची नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात होती. चौदा वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदावर आकडा घालायचा, गेलेल्या कागदावर आकडा घालायचा, आणि कागदात काय आहे ते दुसऱ्याने वाचायचं. अशात पलसाण्याची जागा निघाली. तिथल्या कापड रंगवण्याच्या कारखान्यांत जाऊन तपासणी करायची, म्हणजे फिरतीचं काम. पलसाणा काही स्वर्ग नव्हे. हायवेची धूळ आणि कारखान्याने त्या दिवशी जो रंग उकळला असेल त्या रंगाचं गटार. पण तिथे जाणाऱ्याला कागदांवर आकडे घालायचे नव्हते. अट दोनच: स्वतःची दुचाकी आणि चालू लायसन्स. महिनाअखेरपर्यंत अस्सल लायसन्स साहेबांना दाखवायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. पुढचा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे मोटरसायकल होती.

घरात ह्यांनी या विषयावर मोठेपणा मिरवला नाही. फक्त दोन नवे शर्ट आणले. त्यावरून मला कळलं की ही जागा त्यांना किती हवी आहे. एरवी आमच्याकडे शर्ट फाटल्यावर येत.

त्यातला एक शर्ट त्यांनी लगेच दुसऱ्या दिवशी घातला. मी त्याला खिसा शिवलेला नव्हता. पाकीट वरच्या खिशात अर्धं आत, अर्धं बाहेर घालून ते निघाले, आणि तासाभरात परत आले. कोपर खरचटलेलं, पँटचा गुडघा फाटलेला, स्कूटर हाताने ढकलत आणलेली. खाडीच्या पुलावर पडले होते. हेल्मेटवर एक लांबलचक ओरखडा होता आणि त्याखालचं डोकं शाबूत होतं, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण त्या बाबतीत ते बरोबर होते आणि कारागीर चूक.

“पुलावर वाळू होती,” ते म्हणाले.

टिंक्चर लावताना बाकीचं कळलं. पाकीट उडून पुलावर उघडं पडलं. चार कागद जागच्या जागी राहिले. लायसन्स तेवढं कठड्याच्या फटीतून खाडीत गेलं. बाकीच्या चारांपैकी एकही साहेबांनी मागितलेला नव्हता.

सोसायटीत सगळ्यांनी धीर दिला. लायसन्सशिवाय चालवा, कोण विचारतो, असं तळमजल्यावरचे म्हणाले. त्यांनी स्वतः ते कधी काढलंच नव्हतं. एकाने आर.टी.ओ.समोर झाडाखाली बसणाऱ्या एजंटाचं नाव दिलं. ह्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं, स्कूटर गॅरेजपर्यंत ढकलत नेली आणि दुरुस्त झाल्यावर ढकलत आणली. ढकलण्याला लायसन्स लागत नाही, हे त्यांनी पुस्तकात बघून ठेवलं होतं.

दुसरं लायसन्स मिळवायला पहिलं हरवल्याची पोलिसात नोंद लागते. तिकडे तिला जाणवाजोग म्हणतात. तक्रार नाही, गुन्हा नाही, फक्त पोलिसांना माहीत असावं म्हणून लिहून ठेवायचं. त्यासाठी अर्ज द्यायचा. अर्ज ह्यांनी स्वतः लिहिला, आणि गुजरातीत लिहिला.

ह्यांचं गुजराती दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलं होतं. त्यांचा असा सिद्धांत होता की मराठी शब्दाची शिरोरेखा काढली की तो गुजराती होतो. हा सिद्धांत बऱ्याच ठिकाणी चालतो, म्हणून धोक्याचा. सकाळी मी डबा भरत असताना त्यांनी अर्ज मला मोठ्याने वाचून दाखवला. मी गुजराती वर्तमानपत्र रोज वाचत असे, वाचनालयातून गुजराती पुस्तकं आणत असे. ऐकलं असतं तर तिथेच थांबवलं असतं. मी हूं म्हणाले.

शाळेत तिसरा तास चालू होता. आमच्या शिपाईबाई खानदेशातल्या, आवाज हळू करण्याची कल्पना त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी दारातूनच चाळीस मुलांसमोर सांगितलं, “बाई, पोलीस उना तुमनाकडे.” पोलीस आलाय तुमच्याकडे. सायकलवरून आलेला तो शिपाई मला फक्त एवढंच सांगत होता की काका ठीक आहेत, पण जमादारसाहेबांनी तुम्हाला बोलावलंय. ठीक आहेत हे त्याने इतक्यांदा सांगितलं की मी तास तसाच सोडून रिक्षा केली.

चौकीत पोहोचले तर हे पंख्याखालच्या खुर्चीवर बसलेले. समोर चहा, तोही बशीसकट. शेजारी एक पोलीस नुसता त्यांच्याकडे बघत बसलेला. कागद नीट लिहिलेला असला की पोलीससुद्धा माणसाला कसे वागवतात बघ, असा भाव ह्यांच्या चेहऱ्यावर होता. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण चहा अर्धा राहिला होता, म्हणून उठले नाहीत.

जमादार निवृत्तीला आलेले, जाड, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी मला बाहेर ओट्यावर नेलं आणि खाली बघत विचारलं, “बेन, घरमां कंई त्रास छे?”

घरात त्रास आहे का, असं पोलीस विचारतो तेव्हा काय उत्तर द्यायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी नाही म्हणाले. सासू सोबत असते का, म्हणाले. सासूबाई नाशकाला असत. मुलंबाळं? मुलगी बारावीला, अभ्यास करते. मग नोकरीत काही? मी म्हटलं, चौदा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर आहेत. यावर त्यांनी बराच वेळ मान हलवली, जणू दुखणं सापडलं.

मग त्यांनी खिशातून अर्ज काढून माझ्या हातात दिला. अक्षर सुंदर होतं. लिहिलं होतं: “खाडीना पूल उपर में पोते अपघात कर्यो. आमां बीजा कोईनो दोष नथी.”

पुलावर मी स्वतः अपघात केला, यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. मराठीत वाचलं तर सरळ, सज्जन वाक्य. पण गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. ह्यांनी आ ऐवजी अ लिहिला होता. जमादारांनी ती मराठी माणसाची शुद्धलेखनातली चूक धरली आणि मनातल्या मनात सुधारून घेतली. मग उरलं ते असं की एक सरकारी नोकर खाडीच्या पुलावर जीव द्यायला गेला, त्यातून वाचला, कोणालाही दोष न देता स्वतःच्या पायांनी चौकीत आला आणि शेवटच्या ओळीत त्याने दुसरं लायसन्स मिळावं अशी विनंती केली. त्या शेवटच्या ओळीने जमादार गोंधळले होते. त्यांच्या नोकरीत असे कागद त्यांनी पाहिले होते, पण कागदाच्या मालकाला पुढे स्कूटर चालवायची असल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

मला हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला तसं आणखी आलं. नवऱ्याने जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं वाचून ओट्यावर उभी राहून हसणारी बायको जमादारांनी पाहिली, आणि नोकरीवरचा त्यांचा संशय परत घराकडे वळताना मला स्पष्ट दिसला.

मी पदराने डोळे पुसून समजावलं. आमच्याकडे अपघात म्हणजे तुमचा अकस्मात. गाडी घसरली, माणूस पडला, एवढंच. मग तुमच्यात अकस्मात म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकदम, अचानक. पाहुणे अकस्मात येतात. जमादारांना हे काही पटलं नाही. ज्या भाषेत पाहुणे अकस्मात येतात तिच्यावर किती विश्वास टाकायचा, असा त्यांचा चेहरा झाला.

आत येऊन त्यांनी ह्यांना सगळं विचारलं, आणि आपण चहा कशासाठी पीत होतो ते ह्यांना कळलं. बशी खाली ठेवताना तिचा आवाज झाला. जमादार म्हणाले, मी अजून चोपड्यात काही लिहिलेलं नाही. एकदा लिहिलं की खोडता येत नाही. जीव द्यायचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा आहे, तुम्ही सरकारी माणूस, कागद तुमच्या ऑफिसात जाईल. तेव्हा अकस्मात असेल तर अकस्मात कसा झाला ते सांगा. समोरून कोणी आलं? नाही. कोणाला धडक? नाही. पूल सरळ, रस्ता कोरडा, वीस वर्षांचा हात, डोक्यावर हेल्मेटसुद्धा. असा माणूस कठड्यावर जातोच कसा?

“वाळू होती,” मी म्हणाले.

जमादार म्हणाले, त्या दिवशी सकाळी चौकीत मी त्याच पुलावरून आलो. वाळू नव्हती.

महिना संपायला नऊ दिवस होते, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. एक ओळ सांगितली की जाणवाजोग मिळणार, ती घेऊन आर.टी.ओ.त जायचं, आणि पलसाणा. न सांगितली तर चोपड्यात काय जाईल तेही ठाऊक होतं. आणि तरी हा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत गप्प बसला होता. ह्यांचे कान लाल झाले होते. त्यांची जी चूक सांगायची राहून गेली असेल ती खून नसली तर वाहतुकीच्या नियमाची असणार, एवढं मला एकोणीस-वीस वर्षांच्या संसारावरून समजलं.

“अहो, सांगा,” मी म्हटलं. “काय असेल ते.”

“मी नंबर वाचत होतो.” ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. “एक मोटरसायकल बाजूने पुढे गेली. नंबर सगळा गुजरातीत. गुजराती एक इंग्रजी नवासारखा दिसतो, तर तो एक आहे की कोणी मध्येच इंग्रजी नऊ घातलाय, ते बघत होतो. ती वळली तसा मीही मान वळवून बघत राहिलो.”

“आणि वाळू?”

“वाळू तुला सांगायला.”

मी ते गुजरातीत जमादारांना सांगितलं. नवऱ्याचा कबुलीजबाब भाषांतर करून पोलिसांना देण्याची वेळ फार बायकांवर येत नसावी. मी त्यात माझ्याकडून काहीही घातलं नाही. घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फक्त दुसऱ्या कोणाचा दोष नाही ही ओळ कशाला लिहिलीत, ते मी विचारलं. त्या ओळीनेच सगळा घोटाळा केला होता.

“अगं, तो खिसा,” ते म्हणाले. “पाकीट कसं पडलं ते विचारणारच ना. तुझ्यावर यायला नको म्हणून आधीच लिहून टाकलं.”

हे वाक्य मी भाषांतर केलं नाही. पण जमादारांना तेवढं मराठी येत असावं. ते हसले नाहीत. चोपडा ओढून घेतला, चष्मा लावला आणि लिहिता लिहिता म्हणाले, “काका, नंबर वांचवानुं काम अमारुं. तमे रस्तो वांचो.” नंबर वाचायचं काम आमचं, तुम्ही रस्ता वाचा.

नोंद झाली. अकस्मात शब्द ठळक अक्षरात. सही करायच्या आधी ह्यांनी ती दोनदा वाचली, आणि स्कूटरचा नंबर गुजराती आकड्यांत लिहिलाय, तो कायद्याप्रमाणे इंग्रजीत हवा, असं सांगितलं. जमादारांनी पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. घरात त्रास आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं असावं. त्यांनी नंबर इंग्रजीत लिहिला.

आर.टी.ओ.च्या खिडकीवर पुढचे चार दिवस गेले. खिडकीतल्या कारकुनाने नोंद वाचली, शेजारच्याला वाचून दाखवली, तो मागच्याला बोलावून घेऊन आला. रांगेतल्या लोकांनाही गोष्ट कळली. हे ताठ उभे राहिले. झाडाखालच्या एजंटाने जाता जाता, आपण हे काम न हसता करून दिलं असतं, असं सांगितलं. महिना संपायला एक दिवस असताना लायसन्स हातात आलं. त्यावर डुप्लिकेट असा लाल शिक्का होता.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते चिडलेले. मी घाबरले.

“साहेबांनी बघितलंच नाही,” ते म्हणाले. “मी आत गेलो तर फोनवर होते. मला हातानेच विचारलं, छे ने? आहे ना? आणि मान हलवली. झालं.”

“मग झालं की.”

“झालं काय? अस्सल दाखवायचं अशी अट होती. मी टेबलावर ठेवलं आणि उभा राहिलो.”

फोन संपेपर्यंत ते उभे होते. मग साहेबांना ते उचलावंच लागलं. शिक्का बघून त्यांनी विचारलं, डुप्लिकेट का? एवढ्यावर कोणीही, हरवलं, असं म्हणून बाहेर आला असता. ह्यांनी पहिल्यापासून सांगितलं. पूल, मोटरसायकल, एक की नऊ, जमादार, बशी. स्टेनो लिहिण्याचं थांबून ऐकत होती. मधे साहेबांना दोनदा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही.

“हसले का?” मी विचारलं.

“हसले. मग म्हणाले, पलसाण्याला रोज मालाच्या ट्रकांचे नंबर टिपायचं काम आहे, आजवर कोणी धड टिपत नाही. तुम्ही टिपाल.” ते थांबले. “पण स्कूटर आधी स्टँडवर लावून, असं म्हणाले. तेही ऑर्डरमध्ये लिहा, असं मी सांगितलं.”

“लिहिलं?”

“नाही,” हे म्हणाले, आणि हे त्यांना मनापासून खटकलं होतं.